चूल न पेटवता खाऊ : फळं, ओट आणि आपल्या लाह्या

(सामुदायिक रेडिओवर दिलेलं भाषण)

रानातून घरी आलात का? हातपाय धुऊन दोन मिनिटं टेकला असाल, तर कागद-पेन्सिल जवळ घेऊन बसा. आज काही मापं सांगणार आहे, ती लिहून घ्यावी लागतील.

दुपारचे चार-साडेचार वाजले की घराघरांत एकच आवाज येतो : “आई, भूक लागली!” पोरं शाळेतून आलेली असतात. सकाळची भाकरी गार झालेली असते. आपण एक तर रानात असतो, नाही तर नुकत्याच आलेलो असतो. चूल पेटवायचं जिवावर येतं. मग पदराच्या गाठीतले दहा रुपये पोराच्या हातावर ठेवायचे आणि त्याने पळत जाऊन दुकानातनं कुरकुरीत पाकीट आणायचं. मीही हे वर्षानुवर्षं केलंय, त्यामुळे कुणाला नावं ठेवायला मी आलेली नाही. पण त्या पाकिटात मीठ, तेल आणि मैदा किंवा मक्याचं पीठ यांपलीकडे फारसं काही नसतं. पोराचं तोंड चालतं, पोट भरल्यासारखं वाटतं आणि रात्री ते नीट जेवत नाही.

हा प्रश्न छोटा नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत असं दिसलं, की आपल्या देशात सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या दर शंभर मुलांपैकी ६७ मुलांच्या अंगात रक्त कमी आहे. आणि १५ ते ४९ वयाच्या दर शंभर बायकांपैकी ५७ जणींच्या. म्हणजे आपल्या गटाच्या बैठकीत वीस जणी बसल्या, तर त्यातल्या अकरा-बारा जणी अशा निघायच्या. चार वाजताचा एक लाडू हे दुखणं बरं करणार नाही, हे मी आधीच सांगते. पण रोजचे ते दहा रुपये पाकिटावर जातात की पोराच्या अंगी लागतात, हे तर आपल्याच हातात आहे.

तर आजचा विषय आहे भट्टी, ओव्हन, पाक, तळण यातलं काहीही न करता होणारा फळांचा आणि ओटचा खाऊ.

आमच्या गटात पहिल्यांदा ओटचं पाकीट आलं, तेव्हा आमच्या आक्का हसायला लागल्या. “अगं, ओट तर आम्ही रब्बीत गुरांना चारा म्हणून पेरतो. आता माणसांनी खायचा का?” आक्कांचं काही चुकलं नव्हतं. आपल्याकडे ओटचा हिरवा चारा दुभत्या जनावरांना घालतात. माणसं खातात ते त्याच पिकाचे दाणे. दाण्याचं टरफल काढतात, त्याला वाफ देतात, तापवतात आणि रुळाखाली दाबून चपटा करतात. आपले पोहे कसे होतात? भात भिजवायचा, भाजायचा आणि चेपायचा. ओटचंही तसंच. ओट म्हणजे त्या धान्याचे पोहेच म्हणा ना.

आता इथे थांबा, कारण आजच्या बोलण्यातली मुख्य गोष्ट इथंच आहे. न शिजवता खाऊ करायचा म्हणजे कच्चं धान्य खायचं नाही. ओट न शिजवता खाता येतात, कारण कारखान्यात त्यांना आधीच वाफ आणि आच मिळालेली असते. पोहे, ज्वारीच्या लाह्या, राजगिऱ्याच्या लाह्या, फुटाणे, डाळं या सगळ्यांनाही आधी आच लागलेली असते. म्हणून ही सगळी या खाऊत चालतात. पण गिरणीतून आणलेलं ज्वारीचं, गव्हाचं, नाचणीचं पीठ कच्चं असतं. ते तसंच लाडवात मिसळलं तर पोट दुखतं, जुलाबही होऊ शकतात. नाचणी घालायची असेल तर तिचं पीठ मंद आचेवर खमंग वास येईपर्यंत भाजूनच घाला. नाचणीच्या सत्त्वालाही हाच नियम.

मग प्रश्न येतो, ओटच कशाला? ओट चांगले आहेत. त्यांच्यात एक प्रकारचा चिकट चोथा असतो, तो पोट भरलेलं ठेवतो आणि रक्तातली वाईट चरबी कमी व्हायलाही मदत करतो. शंभर ग्रॅम ओटमध्ये सुमारे तेरा ग्रॅम प्रथिनं असतात, ज्वारीत सुमारे दहा. चोथा दोन्हींत साधारण सारखाच, दहा ग्रॅमच्या आसपास. आणि नाचणी? शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, ओटमध्ये त्याच्या पाव भागाइतकंही नाही. म्हणजे ओट मिळाले तर वापरा, नाही मिळाले किंवा परवडले नाहीत तर काही अडत नाही. नागपंचमीला आपण ज्वारीच्या लाह्या करतो, मग पुढे वर्षभर त्यांना विसरतो. त्या लाह्या जाडसर कुटल्या की ओटची जागा झकास घेतात.

ओट विकत घेताना एक बघा. पाकीट उलटं करून मागची बारीक अक्षरं वाचा. स्वतःला वाचता येत नसेल तर लेकीला वाचायला सांगा. घटकांत फक्त ‘ओट’ एवढंच लिहिलेलं असावं. मसाल्याचे ओट या खाऊला नकोत, त्यात मीठ फार असतं. चपटे नसलेले, तुकडे केलेले कडक दाणेही मिळतात, पण ते शिजवावे लागतात. आपल्याला चपटे, साधे ओट हवेत.

आता फळांकडे येऊ. लाडू वळायला काहीतरी चिकट लागतं. नेहमी आपण गुळाचा नाही तर साखरेचा पाक करतो. इथे पाकाचं काम फळ करतं. खजूर, बेदाणे, सुकं अंजीर यांचा गोडवा दाट आणि चिकट असतो. ती कुटली की त्यांचाच गोळा होतो. आम्ही सांगली जिल्ह्यातल्या बायका. तासगावकडचा बेदाणा आम्हाला घरचाच. पुरंदरकडच्या मैत्रिणींना अंजीर जवळचं, डहाणू-घोलवडकडच्यांना चिकू, जळगावकडच्यांना केळी. पण ही सगळी फळं एका मापाने मोजायची नाहीत. हा धडा आम्ही चांगलाच पोळून शिकलो, तो सांगते.

दोन वर्षांपूर्वी गावातल्या पोरांच्या कार्यक्रमाला आमच्या गटाने खाऊ द्यायचा, असं ठरलं. कार्यक्रम शनिवारी होता. गुरुवारी संध्याकाळी आम्ही सात-आठ जणी बसलो. ओट, कुस्करलेली केळी, खजूर आणि ओला नारळ घालून दीडशे लाडू वळले. चव इतकी छान होती की वळता वळताच पंधरा-वीस संपले. बाकीचे स्टीलच्या दोन डब्यांत गच्च भरले, झाकणं घट्ट लावली आणि निवांत झोपलो. शनिवारी सकाळी झाकण उघडलं तर आंबूस वास. खालच्या थरावर पांढरी लव धरलेली. दोन्ही डबे उकिरड्यात गेले. गटाच्या पेटीतले पैसे गेले. आणि पोरांना द्यायला आम्ही काय आणलं? दुकानातली बिस्किटं! आक्का तेवढंच म्हणाल्या, “ओल्या नारळाची करंजी तरी आपण अशी दोन दिवस डब्यात कोंबून ठेवतो का गं?” आम्ही खाली माना घातल्या. आम्हाला हे ठाऊक नव्हतं असं नाही. नवीन पदार्थ म्हटल्यावर जुनं शहाणपण बाजूला ठेवलं, एवढंच.

झालं काय होतं? बुरशीला आणि जंतूंना वाढायला पाणी लागतं. केळ्यात आणि ओल्या नारळात पाणी भरपूर. सुक्या फळात पाणी थोडं, आणि जे असतं ते साखरेने धरून ठेवलेलं असतं. ते जंतूंच्या वाट्याला येत नाही. मुरांबा टिकतो तो साखरेमुळे, लोणचं टिकतं ते मिठामुळे. तीच ही गोष्ट. म्हणून आमच्या गटाने भिंतीवर दोन ओळी लिहून लावल्या आहेत : सुकं फळ डब्यात. ओलं फळ वाटीत, आणि वाटी लगेच पोटात.

आता मापं लिहून घ्या. पहिला खाऊ डब्यातला.

दीड वाटी ओट, एक वाटी बिया काढलेला मऊ खजूर, अर्धी वाटी बेदाणे, एक वाटी भाजलेल्या शेंगदाण्यांचा कूट, दोन मोठे चमचे भाजलेले तीळ, चिमूटभर वेलदोड्याची किंवा सुंठेची पूड. साखर नाही, गूळ नाही, तूप नाही.

आदल्या रात्री बेदाणे आणि खजूर कोमट पाण्याने धुऊन घ्या. हे टाळू नका. बेदाणा उघड्या शेडमध्ये वाळतो, त्याला धूळ लागते. रंग पिवळा राहावा म्हणून काही बेदाण्याला गंधकाची धुरीही देतात. धुतल्यावर स्वच्छ फडक्यावर पसरून पूर्ण कोरडे होऊ द्या. ओले राहिले तर पुन्हा आमच्या डब्यासारखं होईल. दुसऱ्या दिवशी निम्मे ओट भरडून घ्या, निम्मे तसेच ठेवा. वाटलं तर तव्यावर दोन-तीन मिनिटं गरम करा, वास छान येतो आणि दमटपणा जातो, पण गार झाल्याशिवाय मिसळू नका. खजूर आणि बेदाणे खलबत्त्यात किंवा पाट्यावर ठेचा. वीज नसली तरी काही बिघडत नाही. मिक्सरमध्ये हे चिकट होऊन पात्याला बसतं, पाट्यावर उलट चांगलं होतं. मग त्यात कूट घालून हाताने मळा. शेंगदाण्याचं तेल सुटतं आणि गोळा मऊ होतो. शेवटी ओट आणि तीळ घाला आणि लहान लिंबाएवढे लाडू वळा. वीसेक होतील. मिश्रण कोरडं वाटलं तर पाणी किंवा दूध घालू नका, दोन खजूर अजून ठेचून घाला. चिकट वाटलं तर मूठभर ओट घाला.

कोरड्या, स्वच्छ डब्यात हे लाडू आठवडाभर चांगले राहतात. पावसाळ्यात तीन-चार दिवसांपुरतेच करा. लाडू काढताना हात कोरडा हवा. पोरांना सांगून ठेवा : ओला हात डब्यात नाही!

दुसरा खाऊ ओटशिवायचा. ज्वारीच्या किंवा राजगिऱ्याच्या लाह्या घ्या. ज्वारीच्या लाह्या जाडसर कुटून मग दीड वाटी मोजा, कारण न कुटता मोजल्या तर नुसती हवाच मोजली जाते. न फुटलेले कडक दाणे चाळून काढा, दात दुखावतात. राजगिऱ्याच्या लाह्या कुटायला नकोत, त्या तशाच दीड वाटी घ्या. बाकी सगळं आधीसारखंच. लाह्या लवकर सादळतात, म्हणून लाडू वळायच्या दिवशीच डबा उघडा. अर्धी वाटी भाजलेलं नाचणीचं पीठ यात घातलं तर फारच उत्तम, मात्र मग तीन-चार खजूर जास्त लागतील.

तिसरा खाऊ वाटीतला. एक पिकलेलं केळं कुस्करा. त्यात अर्धी वाटी ओट किंवा धुतलेले पातळ पोहे, तीन-चार चमचे ताजं दही आणि वरून पेरूच्या बारीक फोडी किंवा डाळिंबाचे दाणे. पंधरा मिनिटं झाकून ठेवा, धान्य मऊ होतं. केळ्याऐवजी चिकू चालतो, उन्हाळ्यात आंब्याचा रस चालतो. हा खाऊ दोन तासांच्या आत संपवायचा. उरला तर उद्यासाठी ठेवायचा नाही. साल काळं पडलेलं केळं यासाठी सगळ्यात गोड. आपण ते टाकून देतो किंवा गुरांना घालतो, इथे त्याचं सोनं होतं.

आता चार गोष्टी काळजीच्या.

पहिली, शेंगदाण्यांची. काळपट, सुरकुतलेले, बुरशी आलेले, चवीला कडू लागणारे दाणे निवडून फेकून द्या. भाजल्यावर वास येत नाही म्हणून खपवू नका. त्या बुरशीचं विष भाजून जात नाही आणि ते यकृताला बाधतं. स्वस्तात मिळाले म्हणून कुबट दाणे आणू नका.

दुसरी, लहानग्यांची. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला अख्खे शेंगदाणे, फुटाणे देऊ नका, घशात किंवा श्वासनळीत अडकतात. बारीक कूटच द्या. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका. लाडू वळायला काही जणी मध घालतात, म्हणून मुद्दाम सांगते. रांगत्या बाळाला लाडू हातात देण्याऐवजी वाटीतला मऊ खाऊ चांगला कुस्करून, पेरूच्या बिया आणि डाळिंबाचे दाणे न घालता, चमच्याने भरवा. आणि शेंगदाणा खाल्ल्यावर कुणाच्या अंगावर गांधी उठत असतील, ओठ सुजत असतील किंवा धाप लागत असेल, तर त्याला हा लाडू नको, डॉक्टरांना दाखवा.

तिसरी, साखरेची. यात साखर घातलेली नाही म्हणून हा लाडू मधुमेहाला चालतो, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. खजूर-बेदाण्याची साखरही साखरच. माझ्या सासूबाईंना साखरेचा त्रास आहे. त्यांनी विचारलं, “मला का गं देत नाहीस?” मी म्हटलं, “आत्याबाई, तुमच्यासाठी पेरूची फोड आणि मूठभर फुटाणे काढून ठेवलेत.” पोरांनाही एका वेळी एक, फार तर दोन लाडू पुरेत. खजूर दातांना चिकटतो, म्हणून खाल्ल्यावर चूळ भरायची सवय लावा.

चौथी, रक्ताची. खजूर खाल्ला की रक्त वाढतं, असं आपण लहानपणापासून ऐकतो. खरं म्हणजे खजुरात लोह थोडंच असतं. तिळात आणि राजगिऱ्यात त्याहून बरंच जास्त असतं. म्हणून तीळ विसरू नका. आणि धान्यातलं, तिळातलं लोह अंगी लागायला आंबट फळाची मदत लागते. लाडवासोबत पेरूची फोड, आवळा, नाही तर लिंबू पिळलेलं पाणी द्या. चहा मात्र देऊ नका. चहा लोह अंगी लागू देत नाही, खाण्याच्या आधी आणि नंतर तासभर तरी तो लांब ठेवा. हे आपल्यालाही लागू आहे बरं का, आपण तर लाडू चहाबरोबरच खातो! आणि अंगणवाडीतून, आशाताईंकडून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या किंवा औषध चालू असेल तर ते बंद करायचं नाही. लाडू हा गोळीच्या जागी नाही, पाकिटाच्या जागी आहे.

परवडतं का, हे ज्याच्या त्याच्या बाजारभावावर आहे, म्हणून मी आकडा सांगत नाही, हिशोबाची रीत सांगते. वाणसामान आणलं की प्रत्येक जिन्नस किती ग्रॅम लागला आणि त्याचे किती पैसे झाले, ते वहीत लिहा. बेरीज करा, वीसने भागा. एका लाडवाची किंमत निघेल. त्याशेजारी घरात महिन्याला किती पाकिटं येतात, ते लिहा. आमच्या गटात हा हिशोब मांडला, तेव्हा एकीने वही मिटून ठेवली आणि म्हणाली, “आधी माहीत असतं तर!” खजूर महाग वाटला तर बेदाणा वाढवा, बेदाणा महाग वाटला तर बारीक तुकडे बाजारात स्वस्त मिळतात. गटाने मिळून एकदम आणलं तर भाव उतरतो.

विकायचं म्हणत असाल, तर आधी अन्न सुरक्षेची नोंदणी करून घ्या. घरगुती धंद्यालाही ती लागते. पाकिटावर काय काय घातलंय, कधी केलं, कधीपर्यंत खायचं आणि ‘यात शेंगदाणे आहेत’ हे स्वच्छ लिहा. आणि एक घाणा स्वतःच्या घरात आठ दिवस ठेवून, रोज वास घेऊन, चव बघून मगच गिऱ्हाइकाला द्या. आम्ही आता तसंच करतो.

जाता जाता एवढंच. येत्या बैठकीला प्रत्येकीने आपल्या घरातलं एक सुकं फळ किंवा धान्य चिमूटभर आणा. एक घाणा एकत्र करा आणि पोरांनाही वळायला बसवा. माझा धाकटा एरवी खजुराला हात लावत नव्हता. त्याने स्वतः वळलेला वाकडातिकडा लाडू मात्र अख्ख्या गल्लीला दाखवून खाल्ला. परवा चार वाजता दुकानाकडे न जाता तो फडताळाकडे गेला. आधी सदऱ्याला हात पुसले, मग डबा उघडला. मला तेवढ्यात सगळं मिळालं.